संसारांतील चार गोष्टी : तान्ह्या प्रवाशाची शिदोरी



परदेशगमन ही आतां आपल्या घरांत नवलाईची गोष्ट राहिलेली नाहीं. पंडिता रमाबाई 1883 सालीं अवघ्या दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन इंग्लंडला गेल्या, तेव्हां तो प्रवास बोटीचा व कित्येक दिवसांचा होता. आज मुंबईहून निघालेलें विमान सुमारें दहा तासांत लंडनला उतरतें. परंतु मार्ग कितीहि आखूड झाला, तरी मोठ्या माणसानें प्रवास करणें निराळें आणि तान्हें मूल मांडीवर घेऊन प्रवास करणें निराळें. मोठ्या माणसास भूक आवरतां येते, मिळेल तें गोड मानून घेतां येतें, आणि कांहींच न मिळाल्यास दोन घटका देवाचें नांव घेत बसतां येतें. तान्ह्या जिवास यांतलें कांहींच साधत नाहीं. म्हणून परदेशीं निघालेल्या आईच्या सामानांत सर्वांत लहान, पण सर्वांत महत्त्वाची वस्तु कोणती, असें मला कोणी विचारलें, तर बाळाच्या शिदोरीची पिशवी, असेंच मी उत्तर देईन.

हा विषय आज सुचण्यास घरचेंच निमित्त झालें. आमची सून आठ महिन्यांच्या आमच्या नातवास घेऊन नुकतीच लंडनला चिरंजीवांकडे गेली. निघण्यापूर्वीं आठ दिवस आमच्या माजघराला वखारीची कळा आली होती. सासूबाईंचें वय 86. पणतू इतक्या दूर निघालेला; त्याच्यासाठीं काय काय द्यावें, असें त्यांना झालें. घरच्या लोण्याचें कढविलेलें दोन किलो तूप, नाचणीचें सत्त्व, तांदूळ-मुगाची भाजून दळलेली पिठी, बाळगुटीची डबी, मधाची बाटली, आणि सुनेची पाठ भरून यावी म्हणून खसखस घातलेले डिंकाचे लाडू, असा सगळा सरंजाम त्यांनीं एका चटईवर मांडून ठेविला. सुनेनें मला हळूच बाजूस घेऊन म्हटलें, "आई, एवढें सगळें नेणें शक्य नाहीं. पण आजींना मी कसें सांगूं?" सासूचें मन मोडूं नये आणि सुनेची अडचणहि होऊं नये, या कात्रींत आपल्या घरांतील मधली पिढी नेहमींच सांपडते. त्या दिवशीं मीहि सांपडलें.

मला या बाबतींत बोलण्याचा थोडासा अधिकार आहे, कारण मीं स्वतः एकदां चांगलीच ठेंच खाल्ली आहे. 1994 सालीं यजमानांच्या नोकरीनिमित्त मी याच चिरंजीवांना, ते दहा महिन्यांचे असतांना, घेऊन नैरोबीस निघालें होतें. सासूबाईंनीं तेव्हांहि असेंच भरभरून दिलें होतें. पण मीं तें सारें मोठ्या पेटींत घातलें, आणि पेटी विमानाच्या पोटांत गेली. वाटेंतील एका विमानतळावर विमान नऊ तास खोळंबलें. पेटींत पंधरा दिवसांचें अन्न आणि हातांत दोन बिस्किटें! मूल रडून रडून निजलें व पुन्हां उठून रडूं लागलें. अखेर एका अनोळखी बाईनें आपल्या मुलाचा केळ्याचा लगदा पुढें केला, तो मीं मुकाट्यानें घेतला. त्या दिवशीं एक गोष्ट मनावर कायमची कोरली गेली : शिदोरी किती दिली, यापेक्षां ती कोठें ठेविली हें महत्त्वाचें.

तेव्हां पहिली गोष्ट हिशेबाची. विमान किती तास उडतें, यावर बाळाच्या जेवणाचा हिशेब करूं नये. तो उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत करावा. पुण्यास आमच्या घरून निघून मुंबईच्या विमानतळास चार तास, तेथें आधीं जाऊन बसण्याचे तीन-चार तास, विमानाचे दहा, आणि उतरल्यावर तपासणी, सामान व तेथील घर गांठण्याचे दोन-तीन तास. असे वीस तास सहज होतात. सहा ते आठ महिन्यांच्या मुलास अंगावरच्या दुधाखेरीज दिवसांतून दोन-तीन वेळां खाऊं घालावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे प्रवासाचीं तीन जेवणें, आणि खोळंबा झाल्यास आणखी तीन. आम्हीं सहा लहान पुड्या केल्या. एकेका पुडींत एका वेळचेंच कोरडें पीठ. चार पुड्या सुनेच्या हातपिशवींत व दोन बाळाच्या कपड्यांच्या पिशवींत ठेविल्या, म्हणजे एक पिशवी दूर राहिली तरी मूल उपाशीं राहूं नये. साऱ्याचें वजन पाव किलोहि भरलें नाहीं.

दुसरी गोष्ट, त्या पुडींत काय असावें? येथें आपल्या पुष्कळ भगिनींची चूक होते. नाचणीचें सत्त्व अन्न म्हणून उत्कृष्टच आहे. नाचणीस मोड आणल्यानें तिची खीर पातळ राहते, त्यामुळें लहान पोटांत अधिक पीठ जातें. पण सत्त्व विस्तवावर शिजवावें लागतें, आणि विमानांत विस्तव कोठून आणावयाचा? तांदूळ-मुगाची पिठीहि नुसत्या गरम पाण्यांत कच्चीच राहते. ही अडचण मीं सासूबाईंपुढें मांडली, तेव्हां त्या क्षणभर विचार करून म्हणाल्या, "मग लाह्यांचें पीठ दे की! माझे वडील काशीयात्रेस निघाले, तेव्हां आईनें त्यांच्याबरोबर सातू आणि लाह्यांचें पीठच बांधून दिलें होतें. चूल कोठें मिळेल, कोठें नाहीं!"

भगिनींनो, विचार करा. लाह्या फुटतांनाच शिजतात. पोहे हे भिजवून, भाजून, कांडलेलेच असतात. पंढरपुरी डाळें भाजून तयारच असतें. विस्तवावांचून खातां येईल असें प्रवासाचें अन्न आपल्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपणच तें विसरलों. आम्हीं पातळ पोहे निवडून मंद आंचेवर कुरकुरीत भाजले, ज्वारीच्या लाह्या घेतल्या, त्यांत मूठभर डाळें घालून दळलें, व पीठ दोनदां बारीक चाळणीनें चाळलें. तीन-चार चमचे पिठावर कढत पाणी घालून पांच मिनिटें झांकून ठेविलें कीं मऊ खिमट तयार होतें, निवल्यावर भरवावें. मीठ-साखर घालूं नये. वर्षाच्या आंतल्या मुलास त्यांची गरज नसते. मात्र हें पीठ प्रवासाच्या दिवशीं प्रथमच देऊं नये. निदान आठ दिवस आधीं घरीं देऊन पाहावें. आम्हीं तर एक दिवस रंगीत तालीमच केली : दिवसभर बाळाच्या खाण्यासाठीं चुलीकडे जावयाचें नाहीं, जें द्यावयाचें तें पिशवींतूनच. त्या दिवशीं समजलें कीं चमचा एकच घेतला होता, आणि लाळेरीं दोन कमी होतीं.

तिसरी गोष्ट पाण्याची व दुधाची. 2006 सालापासून बहुतेक विमानतळांवर शंभर मिलिलिटरहून अधिक पातळ पदार्थ हातपिशवींतून नेतां येत नाहींत. कांहीं ठिकाणीं हा निर्बंध अलीकडे सैल झाला आहे. परंतु तान्ह्या मुलाचें दूध व अन्न यांस प्रवासापुरती सवलत असते. तें निराळ्या पिशवींत ठेवून आपण होऊनच अधिकाऱ्यास दाखवावें. उघडून पाहूं लागले तर रागावूं नये. थर्मास मात्र रिकामा न्यावा, आणि तपासणी झाल्यावर आंतल्या चहाच्या दुकानांतून उकळतें पाणी भरून घ्यावें. ज्यांचें मूल भुकटीच्या दुधावर आहे, त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं ती भुकटी पूर्णपणें निर्जंतुक नसते. म्हणून ती निदान 70 अंश उष्णतेच्या पाण्यांत कालवावी, निववून लगेच पाजावी, आणि दोन तासांवर ठेविलेलें दूध टाकून द्यावें. अंगावर पाजणाऱ्या मातेची शिदोरी तर तिच्याबरोबरच आहे. तिनें स्वतः वेळेवर जेवावें व पाणी पीत राहावें, एवढेंच. विमान खालीं उतरूं लागलें म्हणजे मुलाच्या कानांस दडे बसतात. त्या वेळीं त्यास पाजावें. गिळण्यानें कान मोकळे होतात.

मध आणि बाळगुटी हीं दोन्हीं घरींच राहिलीं. मधांत क्वचित् एका घातक जंतूचीं बीजें असतात, व वर्षाच्या आंतील मुलास त्यांपासून गंभीर आजार होऊं शकतो. बाळगुटीविषयीं आमच्या डॉक्टरांनीं स्पष्ट नकार दिला. मूल निजावें म्हणून कोणतेंहि औषध तर मुळींच देऊं नये.

आतां चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट : तूप. बाहेरच्या देशांतून, आणि त्यांत आपला देश आला, प्रवाशानें दूधदुभतें व मांस आणण्यास ब्रिटनमध्यें मनाई आहे. युरोपांतील बहुतेक देशांतहि हाच नियम आहे. तान्ह्या मुलांच्या अन्नास दोन किलोपर्यंत सूट आहे, परंतु तें कंपनीच्या बंद डब्यांतलें व फोडण्यापूर्वीं थंड ठेवावें न लागणारें पाहिजे. डबा फोडलेला असल्यास तो वापरांतला हवा. घरचें तूप त्यांत बसत नाहीं.

हें ऐकतांच सासूबाईंचा चेहरा उतरला. "माझें तूप काय विष आहे?" त्या म्हणाल्या. "पोरानें वरणभात कशाशीं खावा?"

मीं त्यांना नियमाचें कारण सांगितलें. त्या देशांत 2001 सालीं गुरांमध्यें लाळ्या-खुरकत पसरली, आणि ती आवरण्यासाठीं साठ लाखांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं. म्हणून दुसऱ्या देशांतील दूधदुभत्याची त्यांस धास्ती असते. आपल्या तुपाच्या शुद्धतेशीं तिचा संबंध नाहीं.

सासूबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आमच्या माहेरच्या गोठ्यांत आली होती ती. मी आठ-नऊ वर्षांची असेन. गाईंच्या तोंडाला फेस, खुरांना जखमा. वैरणीला तोंड लावीनात. एक वासरूं तर माझ्या डोळ्यांदेखत गेलें." एवढें बोलून त्यांनीं तुपाच्या डब्याचें झांकण स्वतःच्या हातानें घट्ट लाविलें व डबा फडताळांत नेऊन ठेविला. जें मीं चार दिवस सांगूं पाहत होतें, तें त्या वासरानें एका क्षणांत सांगितलें. घरांतील वडील माणसांस आपण 'तेथें चालत नाहीं' एवढेंच सांगतों. 'कां चालत नाहीं' हें सांगण्याची तसदी घेत नाहीं. तें सांगितलें, तर समजून घेण्याची त्यांची तयारी आपल्याहून अधिक असते.

लाडवांतहि तूप भरपूर, म्हणून ते सुनेनें निघण्यापूर्वींच संपवावे असें ठरलें, व तें काम घरांतील मुलांच्या साहाय्यानें दोन दिवसांत पार पडलें. प्रत्येक देशाचा नियम निराळा असतो, हें मात्र विसरूं नये. दुबई, अबू धाबी आणि सिंगापूर येथें खसखस नेणें हा गुन्हा ठरूं शकतो, कारण ती अफूच्या बोंडांतील. तेथें नुसतें विमान बदलावयाचें असलें तरी खसखशीचा लाडू जवळ नसावा. अमेरिकेंत भारतांतून जाणाऱ्या प्रवाशास तांदूळ नेतां येत नाहीं, कारण खापरा भुंगा नांवाच्या धान्यकिड्याची त्यांस भीति. ऑस्ट्रेलियांत उतरतांना जवळचे सर्व खाद्यपदार्थ लिहून द्यावे लागतात. दाखविलेली वस्तु फार तर काढून घेतील, पण लपविलेल्या वस्तूस दंड आहे. निघण्यापूर्वीं त्या त्या देशाचा चालू नियम स्वतः वाचून पाहावा; शेजारणीच्या अनुभवावर विसंबूं नये.

निघण्याच्या आदल्या रात्रीं सासूबाईंनीं सुनेस जवळ बसवून नाचणीस मोड कसे आणावे, लोणी कढवितांना तूप झालें हें वासावरून कसें ओळखावें, हें सारें सांगितलें, आणि सुनेनें तें वहींत उतरून घेतलें. वहीला कोणत्याच विमानतळावर अडकाठी नाहीं.

विमान तीन तास उशिरानें सुटलें. सहांपैकीं चार पुड्या लागल्या. पोंचल्यावर तिसऱ्या दिवशीं सुनेचा फोन आला. तिनें तेथील दुकानांतून लोणी आणून कढविलें होतें. सासूबाईंनीं पहिला प्रश्न विचारला, "बेरी कोणत्या रंगाची झाली?"

"बदामी, आजी."

"मग जमलें. आतां वरणभातावर थोडें घाल त्याच्या."

ज्या भगिनींनीं असा प्रवास केला असेल, त्यांनीं आपल्या शिदोरींत काय होतें आणि काय असावयास हवें होतें, तें अवश्य लिहून कळवावें. दुसऱ्या एखाद्या आईच्या तें उपयोगीं पडेल.