हिरवं बटण परत द्या!

गेल्या शनिवारी नानांना, म्हणजे माझ्या आजोबांना, नवा कोरा स्मार्टफोन घेऊन दिला. वय ७८, सातारा जिल्ह्यातले शेतकरी. जुना बटणवाला फोन ठणठणीत होता हो! पण सातबाऱ्यावर पीक लावायचं तर शेतकऱ्याने बांधावर उभं राहून मोबाइलमध्ये नोंद करायची आणि पिकाचा फोटो काढायचा. २०२१ साली ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली तेव्हापासून ही पद्धत आहे. बटणवाल्या फोनवर ते होत नाही. तेव्हा नानांनी हौस म्हणून हा फोन घेतला असं कुणी समजू नये.

पहिली दहा मिनिटं एकदम झकास गेली. अक्षरं एवढी मोठी केली की चष्मा लागेना, कॅमेऱ्यात म्हैस छान आली. मग मी पडवीतून त्यांना कॉल लावला. नानांनी हिरव्या गोलावर अंगठा ठेवला आणि दाबला, पन्नास वर्षं मोटरचा स्टार्टर दाबतात तस्सा. काही नाही. "नाना, दाबायचं नाही, वर सरकवायचं." सरकवलं. काही नाही. पुन्हा सरकवलं, तोवर रिंग थांबली.

"आरं, ही काच पुसायची का फोन उचलायचा?"

आम्ही सगळे हसलो. पण मंडळी, प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर आम्हा इंजिनियर लोकांकडे मागायला हवं.

आधी बोट का चालत नाही ते बघू. या काचेखाली विद्युतवाहक, पारदर्शक थराची बारीक जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला कपॅसिटन्स किंचित बदलतो, आणि आत बसलेली चिप तो बदल मोजते. म्हणजे या फोनला दाब कळतच नाही, कळते ती कातडीतून होणारी विजेची देवाणघेवाण. आता खुरप्याने आणि फावड्याने घट्टे पडलेली, कोरडी, जाड कातडी घ्या. बदल इतका कमी होतो की चिपला बोट आहे की नाही तेच ठरवता येत नाही. उलट पावसाचा थेंब पडला तर तो वीज वाहून नेतो, मग फोन आपणहून काहीबाही उघडत सुटतो. थोडक्यात, हे यंत्र मऊ, कोरड्या, एसीत बसणाऱ्या बोटांसाठी जुळवलेलं आहे. माझ्या बोटांसाठी. आणि नोंद करायला पाठवतोय कुणाला, तर भर पावसाळ्यात बांधावर उभ्या असलेल्या माणसाला!

बरं, ते सरकवणं कशासाठी? तर काचेला खिशातली मांडीही लागते आणि गालही लागतो, म्हणून नुसत्या स्पर्शावर कॉल उचलला जाऊ नये. म्हणजे आधी बटण काढून प्रॉब्लेम तयार केला आणि मग त्यावर ठिगळ लावलं. आमच्या धंद्यात याला वर्कअराउंड म्हणतात आणि तो केल्यावर कुणी पाठ थोपटून घेत नाही.

मग बटणं गेली का? सौंदर्य वगैरे सोडा, पैशाचा हिशोब बघा. प्रत्येक बटणाला साचा लागतो, खाली स्विच लागतो, धूळ-पाणी अडवायला रबर लागतं. देशागणिक वेगळी अक्षरं छापावी लागतात. काचेवर हे सगळं सॉफ्टवेअरने रंगवता येतं आणि चुकलं तर अपडेट पाठवता येतो. कंपनीच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच आहे. फक्त ही बचत आपल्याला 'प्रगती' म्हणून विकली गेली, एवढंच माझं म्हणणं. २००३ साली आलेला नोकिया ११०० आठवा. धूळ आत जाऊ नये म्हणून अख्खा कीपॅड एका रबरी तुकड्याचा, डोक्यावर टॉर्च. २५ कोटींहून जास्त खपला. आपल्यासारख्या देशातला माणूस डोळ्यांसमोर ठेवून कुणीतरी तेव्हा विचार केला होता.

काच वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. काचेमुळेच मराठी कीबोर्ड नीट मिळाला, नाहीतर नऊ बटणांवर जोडाक्षरं लिहिणं म्हणजे शिक्षा होती. अंधांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारी सोय आयफोनमध्ये २००९ मध्ये आली, ती तर क्रांतीच. पण 'लोक शिकतील हळूहळू' हा जो आपल्या जमातीचा लाडका युक्तिवाद आहे, तो मला मान्य नाही. घट्टे शिकत नाहीत हो.

आणि बटण मागणं म्हणजे मागासलेपण असेल, तर आपलं मतदान यंत्र बघा. निळं बटण, शेजारी ब्रेल आकडा, दाबलं की लाल दिवा आणि बीप. निरक्षर माणूसही मत देतो आणि अंधही. तिथे टचस्क्रीन हवा असं कुणी म्हणत नाही. अमेरिकेची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका २०१७ मध्ये सिंगापूरजवळ एका टँकरला धडकली, १० खलाशी गेले. चौकशीत प्रशिक्षणाच्या त्रुटींबरोबर टचस्क्रीनवरच्या नियंत्रणांची रचनाही पुढे आली, आणि २०१९ मध्ये त्यांच्या नौदलाने हाताने ढकलायचे दांडे पुन्हा बसवायचं ठरवलं. गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपनेही २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा गोष्टींना खरीखुरी बटणं असण्याला महत्त्व दिलंय.

माझी मागणी फार मोठी नाही. स्मार्टफोनच्या कडेला आवाजाची दोन बटणं आजही आहेतच. कॉल आला की वरच्याने उचला, खालच्याने कट करा. काही फोनमध्ये वरच्या बटणाने कॉल उचलायची सोय आहे सुद्धा, पण सेटिंगच्या चार-पाच पानांच्या तळाशी पुरून ठेवलेली. तीच गोष्ट टचची संवेदनशीलता वाढवण्याची. फोन पहिल्यांदा चालू करताना भाषा विचारता ना? तसंच हेही विचारा. एक स्क्रीन जास्त, दोन दिवसांचं काम. मी स्वतः ॲप लिहितो, त्यामुळे 'अवघड आहे' हे मला सांगू नका.

आणि माझ्या कोड लिहिणाऱ्या मित्रांनो, पुढचं ॲप रिलीज करायच्या आधी एक टेस्ट केस वाढवा. ओले हात, भर उन्हात, चष्म्याशिवाय, वय सत्तरच्या पुढे. पास झालं तरच सोडा. बघा पटतंय का. नसेल पटत तर भांडायला मी आहेच.