चव जिभेची की गुणपत्रिकेची?

उत्तरपत्रिका तपासण्याचे काम ज्यांनी वर्षानुवर्षे केले आहे, त्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. बेचाळीस आणि पंचेचाळीस गुणांतील अंतर पुष्कळदा विद्यार्थ्याच्या ज्ञानाचे नसून परीक्षकाच्या मनःस्थितीचे असते. प्रस्तुत लेखकाने एकदा स्वतःच तपासलेला गठ्ठा, आधीचे गुण झाकून, पुन्हा तपासून पाहिला, तेव्हा मोजक्याच उत्तरपत्रिकांना पहिल्याइतके गुण पडले. ही कबुली आरंभीच देण्याचे कारण असे की, वाइनच्या बाटल्यांना समीक्षक शंभरापैकी जे गुण देतात, त्यांना आज जगाच्या बाजारपेठेत तराजूच्या काट्याची प्रतिष्ठा लाभली आहे. ती कितपत रास्त आहे, हे तपासले पाहिजे.

ही पद्धत रूढ करणारे अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्यावर अन्याय करण्याचे कारण नाही. १९७८ साली त्यांनी आपली पत्रिका काढली ती वाइनच्या व्यापाऱ्यांच्या जाहिराती न घेता, ग्राहकाची बाजू मांडण्यासाठी. फ्रान्समधील बोर्दो प्रांतात तेव्हा १८५५ च्या प्रतवारीचा दबदबा होता. दलालांनी मुख्यतः बाजारभाव पाहून केलेल्या त्या प्रतवारीत पुढे बढती मिळून पहिल्या श्रेणीत बसण्याचा मान एकट्या शातो मूतों रोथशिल्डला मिळाला, तोही १९७३ साली. अशा वंशपरंपरागत मानमरातबाला निर्भीड समीक्षकाने हादरा दिला, हे स्वागतार्हच होते. बाटलीत काय आहे हे विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात, अशा विषम माहितीच्या बाजारात निःपक्षपाती जाणकाराची गरज असतेच.

परंतु जाणकाराचे मत ही एक साक्ष आहे. ते मोजमाप नव्हे. कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळाव्यातील स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी २००५ पासून काही वर्षे एक साधा प्रयोग केला. एकाच बाटलीतील वाइन परीक्षकांपुढे, त्यांना नकळत, तीन वेळा ठेवण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, त्या तिन्ही वेळी एकाच पदकाच्या श्रेणीत बसतील असे गुण देणारे परीक्षक दहा टक्क्यांच्या आसपासच निघाले. एकाच परीक्षकाची ही गत, तर दोघांची काय सांगावी? शातो पावीच्या २००३ सालच्या वाइनवर पार्कर यांनी स्तुतिसुमने उधळली. तिलाच ब्रिटनच्या जॅन्सिस रॉबिन्सन यांनी २० पैकी १२ गुण दिले. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. मग ९१ आणि ९३ यांतील दोन गुणांसाठी ग्राहकाने अधिक पैसे का मोजावेत?

ग्राहकाची जीभही, अर्थात, निर्लेप नाही. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी एकच वाइन एकदा दहा डॉलरची आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून पाजली, तेव्हा पिणाऱ्यांना दुसरी अधिक रुचली. उलट किंमत आणि नाव झाकून केलेल्या सहा हजारांहून अधिक चाचण्यांत सामान्य माणसांनी महागड्या वाइनला झुकते माप दिले नाही. किंचितसा कौल स्वस्त वाइनकडेच होता. हे दोन्ही अभ्यास २००८ सालचे. त्यांचा मथितार्थ एवढाच की, डोळ्यांना किंमत दिसली की जीभ तिची री ओढते.

गुणांचे खरे दुष्परिणाम मात्र ग्राहकाच्या खिशापुरते थांबत नाहीत. गुण वाढले की भाव वाढतो, हे ध्यानात येताच पुष्कळ उत्पादक परीक्षकाच्या आवडीबरहुकूम वाइन करू लागले : द्राक्षे अधिक पिकू द्यायची, नव्या ओक लाकडाच्या पिपांचा वास चढवायचा, मद्यार्क वाढवायचा. मातीचा आणि हवेचा गुण मागे पडला. गाइडांवरून अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यांची उत्तरे जशी एकाच छापाची निघतात, तसेच हे झाले. केन्स यांनी १९३६ साली शेअरबाजाराला दिलेली सौंदर्यस्पर्धेची उपमा येथे चपखल बसते : आपल्याला कोण आवडते यापेक्षा इतरांना कोण आवडेल, याचाच जो तो अंदाज बांधीत बसतो.

वाइनला स्पर्शही न करणाऱ्या वाचकाने हा प्रश्न परका मानू नये. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले, त्यानंतर नाशिक परिसरात हा उद्योग फोफावला. तेथील द्राक्षबागाईतदाराने आपल्या मातीला आणि हवेला मानवेल ते पिकवावे, की दूरदेशीच्या परीक्षकाची मर्जी राखावी, हा प्रश्न त्याच्या पोटापाण्याचा आहे.

यावर उपाय साधे आहेत. समीक्षकांनी बाटलीवरील नाव झाकून चव घ्यावी आणि एका आकड्याऐवजी 'अमुक ते अमुक' असा पल्ला सांगावा. नासलेला माल ओळखून दाखविला तरी ती मोठीच सेवा होईल. आणि ग्राहकाने समीक्षकाचे मत आदराने ऐकावे, पण घोट घेतल्यावर ते पटले नाही तर संकोच न करता तसे सांगावे. परीक्षकाचेही चुकते, हे एका परीक्षकाने सांगितले तर त्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नसावी.