बोटांनाही डोळे असतात

आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याला चार दिवस झाले होते. तेवढ्यात तिच्या फोनवर झाशीहून नातवाचा निरोप आला. आईने चष्मा लावला, अक्षरं मोठी केली आणि फोन माझ्या हातात दिला. "हे इंग्रजीत काय लिहिलंय गं त्याने?"

ते इंग्रजी नव्हतं. मराठीच होतं, पण रोमन अक्षरांत लिहिलेलं. मी वाचून दाखवलं, "आजी, तुझा डोला कसा आहे?" आम्ही दोघी हसलो. "डोळा म्हणायचंय त्याला. माझा डोळा काय डोलतोय?" आई म्हणाली. पण हसू ओसरल्यावर हळूच पुढे म्हणाली, "मराठी सातवीपर्यंत शिकलेली बाई मी. आणि माझ्याच नातवाचं पत्र मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. मे अखेरीस झेलम एक्सप्रेसने ताईकडे झाशीला गेले, तेव्हा तिला ते सांगितलं. ताईचं घर तिथल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. अठराव्या शतकात मराठी सुभेदारांबरोबर आलेली काही मराठी घराणी झाशीत अजून आहेत. पुढे रेल्वेच्या, बँकेच्या नोकऱ्यांनी आणखी काही घरं आली, त्यातलंच ताईचं एक. भाचा दहा वर्षांचा. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, गल्लीत बुंदेली वळणाची हिंदी आणि घरात मराठी. बोलतो छान, पण मराठी लिहायची वेळ फक्त फोनवर येते, आणि तिथे दोन अंगठे आणि रोमन अक्षरं!

ताई म्हणाली, "या सुट्टीत मी त्याला टायपिंग शिकवायला घेतलं होतं गं. आठवड्यात बंद पडलं."

चूक कुठे झाली?

ताईने ज्या पद्धतीने शिकवलं, तीच पद्धत आपल्यापैकी बहुतेकजणी वापरतील. तिने बारावीनंतर पुण्यात टायपिंगचा क्लास केला होता. मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांची सरकारी प्रमाणपत्रं अजून तिच्या फाईलमध्ये आहेत. आमच्या पिढीच्या पुष्कळ मुलींना तो क्लास आठवत असेल. लांबलचक बाकं, ओळीने मांडलेली गोदरेज आणि रेमिंग्टनची यंत्रं, आणि तासभर एकच पाठ: ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. चूक झाली की पूर्ण कागद पुन्हा.

तोच क्लास ताईने घरात उघडला. रोज एक तास, समोर घड्याळ, मिनिटाला किती शब्द झाले ते वहीत. तिसऱ्या दिवशी भाचा रडकुंडीला आला आणि सहाव्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही.

दोष मुलाचा नव्हता आणि ताईचाही नव्हता. क्लासमधल्या मुलींना नोकरीची परीक्षा द्यायची होती, त्यामुळे वेग हेच त्यांचं ध्येय. आजही केंद्र सरकारच्या कारकुनी भरतीत कर्मचारी निवड आयोग इंग्रजीसाठी मिनिटाला 35 आणि हिंदीसाठी 30 शब्दांची चाचणी घेतो. 35 शब्द म्हणजे तासाला 10,500 वेळा कळ दाबणं. दहा वर्षांच्या मुलाला हे आकडे काय कामाचे? त्याला एकच गोष्ट शिकायची आहे: न बघता बोट योग्य कळीवर नेणं. वेग त्यामागून आपोआप येतो.

ही गोष्ट जुनीच आहे. 1888 च्या जुलैमध्ये अमेरिकेत सिनसिनाटी इथे टायपिंगची एक गाजलेली स्पर्धा झाली. फ्रँक मॅकगरिन हा कोर्टात लघुलेखन करणारा माणूस कळफलकाकडे न बघता टाइप करत असे. त्याचा प्रतिस्पर्धी लुई ट्राउब बघून करत असे. मॅकगरिन जिंकला. कारण साधं आहे. बघणाऱ्याची नजर कागद आणि यंत्र यांच्यामध्ये सारखी ये-जा करते, न बघणाऱ्याची कागदावरच राहते.

आधी बैठक, मग बोटं

आम्ही दोघींनी बसून नव्याने बेत आखला. पहिली गोष्ट म्हणजे बैठक. जेवणाचं टेबल मुलांना उंच पडतं. खांदे वर उचलले जातात आणि दहा मिनिटांत मान दुखते. खुर्चीवर घट्ट उशी ठेवून आम्ही भाच्याला एवढं उंच केलं की कोपर काटकोनात आलं. पाय लोंबकळत होते, त्यांच्याखाली देवघरातला जुना पाट ठेवला.

दुसरी गोष्ट वेळ. तासाऐवजी दहा मिनिटं, पण रोज. झाशीच्या उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोरून कोणी हलत नाही, म्हणून सकाळी दुधानंतरची वेळ ठरवली.

तिसरी गोष्ट रुमाल. भाच्याच्या हातांवर एक मोठा रुमाल टाकला. दिसतच नाही म्हटल्यावर नजर आपोआप पडद्यावर जाते. मग घर कसं सापडायचं? इंग्रजी एफ आणि जे या कळींवर बारीक उंचवटे असतात. दोन्ही तर्जन्या चाचपडत तिथे टेकवायच्या, बाकीची बोटं शेजारी ओळीने बसतात. प्रत्येक कळ दाबून बोटाने परत आपल्या घरी यायचं. "संध्याकाळी दिवेलागणीला तू घरी येतोस ना, तसं," ताई म्हणाली. ते त्याला पटलं.

चौथी गोष्ट वही. तिच्यात शब्दांची संख्या लिहायची नाही, फक्त चुका लिहायच्या. काल सात झाल्या, आज पाच. आकडा खाली येताना बघण्यात मुलांना मोठी मजा वाटते.

वयाचं म्हणाल, तर चौथी-पाचवीच्या आधी घाई करू नका. पंजा एवढा मोठा हवा, की बोटं न ताणता वरच्या-खालच्या ओळीपर्यंत पोहोचतील. हाताने लिहिणंही सोडू नका. शाळेच्या आणि बोर्डाच्या परीक्षा अजून पेननेच लिहायच्या आहेत.

तोच चोर, तेच कुत्रे

आता प्रश्न होता तो भाषेचा. नुसतं इंग्रजी टायपिंग शिकला असता, तर आजीला पत्र पुन्हा रोमनमध्येच गेलं असतं.

रोमनमध्ये लिहिलं की त्याचं देवनागरी करून देणाऱ्या सोयी आहेत आणि त्या पुष्कळांना आवडतात. पण त्यात मूल मराठी शब्दाची आधी इंग्रजी स्पेलिंग शोधतं. आमच्या भाच्याची गाडी तिथेच अडत होती. म्हणून आम्ही इन्स्क्रिप्ट कळफलक निवडला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये तो मांडला आणि 1991 मध्ये तो भारतीय मानकात आला. विंडोज संगणकात तो आधीपासूनच असतो. भाषांच्या यादीत मराठी जोडली की झालं, पैसे पडत नाहीत. शिवाय हिंदीचा कळफलकही याच मांडणीचा. झाशीच्या मुलाला शाळेची हिंदी आणि घरची मराठी एकाच अभ्यासात मिळते.

त्याची रचना ध्यानात ठेवायला सोपी आहे. डाव्या हाताकडे मुख्यतः स्वर आणि काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताकडे बरीचशी व्यंजनं. 'क'च्या कळीवर शिफ्ट दाबलं की 'ख', 'त'च्या कळीवर 'थ', 'प'च्या कळीवर 'फ'. मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च, ट आणि डावीकडे ओकार, एकार, हलन्त, ऱ्हस्व वेलांटी व ऱ्हस्व उकार. एवढ्याच कळींवर किती शब्द होतात बघा: चोर, पोट, कोट, रोप, पत्र, चित्र, चतुर. पहिल्या आठवड्यात भाच्याने स्वतःचं वाक्य जुळवलं, "तोच चोर, तेच कुत्रे". आणि घरभर ते म्हणत फिरला. क्लासमधल्या त्या ए एस डी एफच्या पाठापेक्षा हे कितीतरी बरं!

दुसऱ्या आठवड्यात वरची ओळ, तिसऱ्यात खालची आणि शिफ्टची अक्षरं शेवटी. कळींवर अक्षरांचे स्टिकर चिकटवू नका, नाहीतर नजर पुन्हा खाली जाईल. मांडणीचा तक्ता कागदावर मोठा काढून समोरच्या भिंतीवर लावा. अडलं तर वर बघायचं, खाली नाही.

आईसुद्धा पहिलीत

खरी गंमत इथून पुढे झाली. ताईला वाटलं, मराठी टायपिंग तर आपल्याला येतंच. ती ऐटीत बसली आणि पहिल्याच ओळीत फसली. टंकलेखन यंत्रावर वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मग, कारण कागदावर ती आधी दिसते. इन्स्क्रिप्टवर उच्चाराचा क्रम चालतो: आधी अक्षर, मग वेलांटी. ताईची बोटं जुन्या सवयीने आधी वेलांटीकडे धावायची आणि पडद्यावर ती बिचारी ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून एकटीच उभी राहायची. अक्षरांच्या जागाही सगळ्या बदललेल्या.

"आई, तुला येत नाही?" भाच्याने डोळे मोठे करून विचारलं.

"नाही रे. मलाही पहिल्यापासून शिकायचंय," ताई म्हणाली.

त्या दिवसापासून लॅपटॉप उघडायला त्याला कधी सांगावं लागलं नाही. दहा मिनिटं त्याची, दहा मिनिटं आईची. आईच्या चुका मोजायचं काम त्याचं. एका सकाळी ताईच्या अकरा चुका झाल्या आणि त्याच्या चार. "होईल हं आई, घाई करू नकोस," असं त्याने तिला समजावलं तेव्हा मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसले. आठ दिवसांपूर्वी हेच वाक्य त्याला हवं होतं आणि तेव्हा कोणी म्हटलं नव्हतं.

ज्या आयांना टायपिंग मुळीच येत नाही, त्या म्हणतात, आम्ही काय शिकवणार? माझा अनुभव सांगते. न येणं हीच इथे जमेची बाजू आहे. मुलाच्या शेजारी बसून त्याच्याबरोबर चुका करा.

"आता बोललं की फोन लिहितो, मग बोटं कशाला झिजवायची?" असं ताईच्या यजमानांनी विचारलं. प्रश्न चुकीचा नाही. ज्यांना डोळ्यांचा किंवा हातांचा त्रास आहे त्यांना ती सोय वरदानच आहे. पण चारचौघांत बसून मनातलं बोलून लिहिता येत नाही. लिहिलेलं पुन्हा वाचून शब्द बदलायचा, वाक्य पुढे-मागे करायचं, ते हातानेच जमतं. आणि मुलाने 'डोला' म्हटलं, तर फोनही बिचारा 'डोला'च लिहिणार.

ळ कुठे राहतो?

त्या 'डोला'चा उलगडा मला तिथेच झाला. त्याच्या हिंदी पुस्तकात 'ळ' भेटत नाही. रोमनमध्ये लिहिताना 'ल' आणि 'ळ' एकाच अक्षरात जातात. कानाने ऐकलेला 'ळ' लिहिण्यात कुठे उतरतच नव्हता, आणि हळूहळू बोलण्यातूनही निसटत होता.

इन्स्क्रिप्टवर 'ळ' हा 'ल'च्याच कळीवर राहतो, शिफ्ट दाबलं की बाहेर येतो. भाच्याने ती कळ शोधली आणि आम्ही त्याला शब्द दिले: केळ, बाळ, खेळ, शाळा, डोळा. प्रत्येक वेळी डाव्या करंगळीने शिफ्ट, उजव्या तर्जनीने 'ळ'. लिहिताना तो मोठ्याने म्हणायचा. 'ल' आणि 'ळ' यांच्यातला फरक आम्ही त्याला कितीदा तोंडी सांगितला होता. तो शेवटी त्याच्या बोटांना कळला.

मी आठ दिवसांनी पुण्याला परतले. जुलैमध्ये शाळा सुरू झाल्यावर दहा मिनिटांची पाच झाली, काही दिवस अजिबात झाली नाहीत. ताई रागावली नाही. हाताने लिहिण्याच्या वेगापेक्षा बोटं थोडी पुढे गेली की मुलाला टायपिंग आलं असं समजायचं, एवढंच आम्ही ठरवलं होतं. मराठी बसल्यावर मग त्याने इंग्रजीही त्याच पद्धतीने घेतलं. दोन्ही एकदम सुरू केली नाहीत, हे बरं झालं.

गणेशचतुर्थीच्या दुपारी आईचा फोन वाजला. मी जवळ गेले, तर तिने हातानेच थांबवलं. अक्षरं मोठी केली आणि स्वतः वाचू लागली. "आजी, आमच्याकडे गणपती बसले. आईने एकवीस मोदक केले, मी वळायला मदत केली. तुझा डोळा आता बरा आहे का?"

'वळायला' आणि 'डोळा', दोन्ही ठिकाणी 'ळ' जागच्या जागी होता. आईने निरोप दोनदा वाचला. मग म्हणाली, "मला शिकव गं ते तुमचं इन्स्क्रिप्ट. त्याला उत्तर द्यायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासाठी खुर्चीवर उशी ठेवली.