नदीला माप कोणते?

पोकलेन पात्रात उतरला की गाव काठावर जमते. आधी गाळ निघतो, मग वाळू, मग मुरूम. खाली काळा कातळ लागला की बकेटचे दात खरखरतात. आता पाणी साठणार म्हणून सगळे खूश. आम्हीही तळेगाव ढमढेऱ्याचे, वेळ नदीकाठचे. ही खुशी आम्हाला परकी नाही. तरीही या अंकात विचारतो आहोत, नदी दुरुस्त करायची ती कोणत्या मापाने?

अमेरिकेत डेव्ह रॉसजेन यांनी १९९४ मध्ये नद्यांची ए ते जी अशी वर्गवारी मांडली. उतार, वळणे, तळातले दगडगोटे पाहून नदीचा प्रकार ठरवायचा आणि त्यावरून पात्राचा आराखडा करायचा. सरकारी खात्यांना हे सोयीचे वाटले. अनेक भूरूपशास्त्रज्ञांना मात्र पटले नाही: आजच्या रूपावरून नदीची उद्याची चाल कशी कळणार? कॅलिफोर्नियात उव्हास क्रीकला १९९५ च्या अखेरीस असे नागमोडी पात्र कोरले; फेब्रुवारी १९९६ मध्ये पुराने ते मोडून नेले.

आपल्याकडे एवढाही वाद क्वचितच होतो. जलसंधारणाचा शिरपूर पॅटर्न असो की २०१४ च्या डिसेंबरात आलेली राज्य सरकारची जलयुक्त शिवार योजना, ओढा दिसला की खोल करा, रुंद करा. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यावरून उच्च न्यायालयात गेले. आमचा कल टीकाकारांकडे आहे, ते लपवत नाही. पण खोलीकरणाने विहिरीचे पाणी वाढले म्हणणाऱ्या शेतकऱ्यांचीही बाजू पुढच्या पानांवर आहे.

तुमच्या शिवारातला ओढा खोदला गेला असेल, तर दोन पावसाळ्यांनंतर काठ कुठे ढासळला, गाळ कुठे बसला, हे जरूर लिहून कळवा.