प्रश्न जिवंत कूर्चेचा

यवतमाळ : शेतात उकिडवे बसून निंदण करणाऱ्या मजुराच्या गुडघ्यातील कूर्चेस इजा झाली, तर रोजीच बुडते. हाडांच्या टोकांवरील या गुळगुळीत आवरणास रक्तपुरवठा नसल्याने ते आपोआप भरून येत नाही. मृत दात्याच्या कूर्चेचे रोपण हा त्यावरील एक पर्याय. वयोमानाने सर्वत्र झिजलेल्या गुडघ्यास मात्र तो लागू पडत नाही. मर्यादित इजेपुरताच तो आहे.

शेळ्या-मेंढ्यांवरील चाचण्यांनी एक बाब अधोरेखित केली : रोपणाचे यश कूर्चेतील पेशी जिवंत राहण्यावर अवलंबून असते. गोठविल्यास बहुतांश पेशी मरतात. शीतपेटीत जपलेली ताजी कूर्चाही साधारणतः चार आठवड्यांतच वापरावी लागते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८मध्ये सुरू झालेल्या ऊतिपेढीने विकिरणाने निर्जंतुक केलेली हाडे उपलब्ध करून दिली. परंतु विकिरणात पेशी टिकत नाहीत.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला. तथापि, दाता, संसर्गाची तपासणी, वाहतूक आणि शस्त्रक्रिया ही साखळी महिन्याच्या आत पूर्ण न झाल्यास प्रयोगशाळेतील यश यवतमाळच्या मजुरापर्यंत पोहोचणार नाही.