सशाला कोणी सांगितले?

'आभाळ पडले, पळा पळा' ही गोष्ट ऐकली नाही असे मूल आपल्या घरात शोधून सापडायचे नाही. सशाच्या पाठीवर पान पडते, ससा पळत सुटतो, त्याच्या मागे हरिण, हत्ती, सारे जंगल. सांगणारी आजी हसते, ऐकणारे मूल हसते आणि झोपी जाते. ही गोष्ट जातकातली आहे हे मात्र आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. पालीतल्या ५४७ जातकांपैकी ती ३२२वी, दुद्दुभ जातक. त्यात आभाळ पडत नाही, पृथ्वी फुटते. आणि पानाऐवजी पिकलेले बेलफळ ताडाच्या झावळीवर धपकन आदळते. (१९८५ साली अमेरिकेत रेफ मार्टिन यांनी हीच गोष्ट एड यंग यांच्या चित्रांसह काढली, तिथे बेलाचे सफरचंद झाले. ज्याच्या गावात जे पिकते ते!)

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर ऑक्टोबरच्या सोहळ्यात आम्ही दरवर्षी पुस्तकांच्या दुकानांवर रेंगाळतो. मोठ्यांसाठी ग्रंथांचे ढीग असतात, लहानांसाठी फार थोडे. दोन वर्षांपूर्वी तिथेच सशाच्या गोष्टीचे एक पातळ चित्रांचे पुस्तक हाती लागले. रविवारी वंदना झाल्यावर विहारात मुलांना बसवून ते वाचायचे असे आम्ही ठरवले.

पहिला रविवार पुरता फसला, आणि तो आमच्यामुळेच. शेवटचे पान उलटताच आम्ही तात्पर्य सांगून मोकळे झालो, की म्हणून मुलांनो, अफवांवर विश्वास ठेवू नये. मुलांनी एका सुरात 'हो सर' म्हटले आणि चपला शोधायला लागली. कारकुनी करणाऱ्याला फाईल बंद करण्याची घाई असते, तसेच झाले.

पुढच्या रविवारी तेच पुस्तक पुन्हा उघडले, पण तात्पर्य गिळून टाकले. एवढेच विचारले, की ससा खोटे बोलला काय?

बराच वेळ कोणी बोलेना. मग एक पोरगा म्हणाला, "खोटा नाई. त्याले आवाज त आलाच होता." दुसरीत शिकणारी एक मुलगी म्हणाली, "रातच्याले मोह टपकते तवा मलेबी वाटते, कोणी चालून राहिलं." आवाज खरा आणि समजूत चुकीची, हा फरक आम्ही सांगितला असता तर पाच मिनिटांत विसरला गेला असता. तो त्यांनीच काढला.

गोष्टीचा आमच्या मते सर्वात मोलाचा भाग पुढे आहे आणि आपल्या सांगण्यात तोच गळून जातो. सिंह तीनदा गर्जना करून साऱ्यांना अडवतो आणि विचारतो, पृथ्वी फुटते आहे हे कोणी पाहिले? हत्ती म्हणतात, सिंहांना ठाऊक. सिंह म्हणतात, वाघांना ठाऊक. असे करीत करीत विचारणा सशांपर्यंत येते आणि ससे त्या एका सशाकडे बोट दाखवतात. पळणाऱ्या लाखोंपैकी एकानेही काही पाहिलेले नसते.

इथे एका थोराड मुलाने आम्हाला अडवले. "सिंहानं सांगतलं म्हणून सारे थांबले. मंग सिंहाचं तरी कायले आयकायचं?"

खरे सांगतो, उत्तर तयार नव्हते. केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले, की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा आपला गुरू सांगतो म्हणूनही मानू नका. ते सुत्त आम्ही जिभेवर आणले होते. तेवढ्यात नातवाला घेऊन बसलेल्या एका आजीने पुढे सरकून चित्रावर बोट ठेवले. "सिंह एकटा नाई गेला. सशाले पाठीवर बसवून नेलं. त्याच्याच डोयानं दाखवलं." त्या आजीला अक्षर वाचता येत नाही. आपल्याला वाचता येत नाही, आपण लेकरांना काय शिकवणार, असे म्हणणाऱ्या आयाबायांना आम्ही तेव्हापासून हीच हकीकत सांगतो. चित्र वाचायला शाळा लागत नाही.

चित्रांच्या पुस्तकांवरून मुलांशी तत्त्वचर्चा कशी करावी, यावर कॅरिन मरिस यांनी १९९२ साली पुस्तकच लिहिले आहे. आपल्याला तेवढे मोठे नाव द्यायचे कारण नाही. पुस्तक विकत घ्यायला पैसे नसतील तर मोबाईलवर स्टोरीवीव्हरची चित्रपुस्तके २०१५ पासून फुकट मिळतात, मराठीत आणि गोंडीतही.

काहींना हा पोरखेळ वाटेल. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायला लागला, तेव्हा आम्ही शाळेत होतो. चमच्यातले दूध पृष्ठताणामुळे मूर्तीकडे ओढले जाऊन तिच्या अंगावरून ओघळते, हे शास्त्रज्ञांनी लगोलग दाखवले. तोवर गल्लीतली माणसे वाट्या घेऊन निघालीही होती. त्यात दुधापलीकडे काही गेले नाही. पण ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे, भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील वृद्ध स्त्री-पुरुषांना भर गावात खांबाला बांधून मारले. जादूटोणाविरोधी कायदा तेव्हा आठ वर्षांचा झाला होता. त्या गर्दीत कोणी 'हे कोणी पाहिले?' असे विचारले असते तर, हा विचार आमच्या मनातून जात नाही. आणि असा प्रश्न विचारण्याची सवय चाळिशीत लागत नाही.

सवय लागली की मात्र ती आधी घरातच फिरते, हे सांगायला हवे. गेल्या महिन्यात जेवताना आम्ही सहज म्हणालो, या महिन्यात रेशनचे दुकान उघडणार नाही म्हणे. मुलगी ताटावरून मान न उचलता म्हणाली, "पप्पा, तुमाले कोणी सांगतलं?" म्हटले, ऑफिसातल्या शिपायाने. "त्याले कोणी?" त्याच्या मेव्हण्याने. "मेव्हण्यानं पायलं काय?" बायको हसू लागली. आम्हाला आधी रागच आला. मोठ्यांना उलट विचारू नये, हे वाक्य ओठांवर आले होते, ते कसेबसे आवरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी आणि कार्ड घेऊन आम्ही दोघे निघालो. मुलगी सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसली होती. दुकान उघडे होते.