गिअर गेला, आता किल्ली मागा

मैत्रिणींनो, १९८४ साली कायनेटिक होंडा आली आणि स्कूटरचा गिअर गेला. ‘बायकांची गाडी’ म्हणणारे पुरुषही पुढं बिनगिअरच्याच स्कूटरवर बसले. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओनं स्वस्त कारमध्ये तीच सोय आणली. गिअरबॉक्स नेहमीचाच, पण क्लच दाबून गिअर बदलायचं काम यंत्राकडं. किंमत थोडी जास्त पडते खरी. पण आमच्या वडीगोद्रीच्या चौकात उसाच्या ट्रॅक्टरमागं रखडलेल्या डाव्या पायाला विचारा!

आता शहरात पुरुषही हीच कार मागतात. मग ‘बाईला क्लच जमत नाही’ ही सबब उरली कुठं? कारचा परवाना गिअर असो-नसो, एकच लागतो. आधी तो काढा आणि मग घरातली किल्ली हक्कानं मागा. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर ड्रायव्हर शोधत बसायला नको.